जिवंताचं नाव

३ जून
लेंबे बेटावर पोहोचलो. नोकरी मिळाली एकदाची! पाहुण्यांना पाण्याखाली मासे दाखवायचे, वर आल्यावर त्यांची नावं सांगायची. महिनाभर नीट निभावलं की कायम. इथले सगळ्यात जुने गाईड वेलेमकाका केळ्याची भजी पुढे सरकवत म्हणाले, ‘मनाडो शहरातला ना तू? म्हणजे बोलशील जास्त, बघशील कमी.’ सगळे हसले. मीही हसलो.

७ जून
काळ्या वाळूत एक मासा दिसला. पाठीचे काटे मोजले, शेपटी पाहिली, माशांची तिन्ही पुस्तकं पालथी घातली. कशातच बसेना. डोळे दोन्ही समोर, माणसासारखे. पाहुण्यांतल्या एका डच बाईंनी फोटो पुढे धरून नाव विचारलं आणि मी डोकं खाजवत बसलो. त्यांनी आमच्या मालकाकडे तक्रार केली.

९ जून
परत तोच. परवा शेपटी गोल होती, आज दुभंगलेली. वैताग आलाय नुसता! इथे अनोळखी माशाला मेलेल्या गाईडचं नाव देतात, तेही काका ठरवणार. त्यांनी बजावलं, ‘थांब जरा. जिवंत माणसाचं नाव देऊ नकोस, बाबा.’ शोधला मी आणि नाव मेलेल्याचं? नोकरी काय काका देणार? माशांच्या नावांच्या फळ्यावर ठळक माझंच नाव लिहून टाकलं: जेफ्रन. डच बाई खूश.

१२ जून
आजच्या फोटोत माशाच्या हनुवटीवर व्रण आहे. माझ्या आहे तिथेच. लगेच फळा पुसला. उपयोग नाही, नाव सगळ्यांच्या तोंडी बसलंय. ‘आज जेफ्रन दिसला का?’ मला मात्र काका नुसतं ‘ए पोरा’ म्हणतात.

१४ जून
मालकानं मला अनोळख्यासारखं विचारलं, ‘कोण हवंय आपल्याला?’ चेष्टा करतोय असं वाटलं. करत नव्हता. फोटोत त्या माशाला आता मान आहे — खांदेही —

१५ जून
बुडी संपल्यावर बोटीवर हजेरी. काकांनी जेफ्रन पुकारलं. मी अजून पाण्यातच, शिडीजवळ. ‘आहे,’ बोटीवरून कुणीतरी म्हणालं. माझ्याच आवाजात. बोट निघून गेली. ओरडलो, कुणी वळून पाहिलं नाही.

संध्याकाळ
पोहत किनाऱ्याला आलो. ही वही पडवीतल्या पिशवीत होती, नशीब. आत तो जेवतोय — माझ्या जागेवर — काका वाढतायत —

दार ठोठावलं. कोण आहे, विचारतायत. नाव सांगितलं की उघडतील. जिभेवर येतंय, पण — आधी इथे लिहितो, म्हणजे विसरणार नाही. मी