सदर घरास अर्थ नाही

१४ जून १९६३

मुक्ताला आज पुन्हा शॉक बसला! मेन स्विचची लोखंडी पेटी पुसायला गेली आणि फडकं एकीकडे, ती एकीकडे. मी घाबरलो, खरंच घाबरलो. मग बोलली ती अगदी बायकोच्या सुरात – "घर बांधलंय की सापळा लावलाय?"

भिंत ओलावली की पेटी चावते, वायरीचा पाइप चावतो. बाकीचं कौतुक आहेच. पडवीतलं बटण दाबलं की स्वयंपाकघरात उजेड, स्वयंपाकघरातलं दाबलं की न्हाणीत. माजघरातलं एक बटण कशाचं आहे ते अजून कुणालाच कळलेलं नाही. सगळं काम जोतीराम वायरमनचं. पलटणीत वायरमन होता म्हणून मोठ्या विश्वासानं दिलं. पलटणीनं त्याला बहुधा शत्रूच्या घरांची वायरिंग करायला ठेवलेला असावा.

१६ जून

जोतीराम आला. खाकी पँट, कानावर पेन्सिल, तोंडात विडी. पेटीला टेस्टर लावला – भक्कन पेटला. हा ढिम्म! म्हणाला, "भिताडाचा दोष हाय आण्णा. भिताड पानी पितंय. आपलं काम मिलिट्रीचं, एकदम पक्कं."

मी शांतपणे म्हटलं, "जोतीराम, मी नानासो वकिलांकडे कारकून आहे. आजचा नाही, स्वातंत्र्याच्या आधीपासूनचा."

"मग त्यास्नीच सांगा की. भिताडावर केस करा म्हनावं."

असं काय! बरं!

१७ जून

आज दुपारी कायद्याची पुस्तकं काढून बसलो. लोकांचे दावे लिहिता लिहिता केस पिकले, स्वतःचा हा पहिलाच. मनातून गुदगुल्या होत होत्या, रोजनिशीत तरी खोटं कशाला लिहू! आधी वकिली नोटीस. तिला भीक घातली नाही तर दिवाणी दावा – काम नव्यानं करून दे, नाहीतर भरपाई दे. सोबत इलेक्ट्रिक इन्स्पेक्टरकडे अर्ज, म्हणजे परवान्यालाच हात. शिवाय दुसऱ्याच्या जिवाला धोका केला म्हणून फौजदारीही बसते. मुदत चांगली तीन वर्षांची. माणसाला एक शॉक बसला तर कायद्यात किती दारं उघडतात!

मुक्ता म्हणाली, "दुसरा वायरमन बोलवायचा, हे कुठल्या कलमात बसतं?"

तिला समजावलं. दुसऱ्यानं हात लावला की पुरावा बिघडला. काम आहे तसंच ठेवायचं, निकाल लागेपर्यंत. ती उठली आणि प्रत्येक बटणाखाली एकेक लाकडी पाट ठेवून आली. पाटावर उभं राहून बटण दाबायचं. चालेल. पाट पुराव्याच्या आड येत नाहीत.

१९ जून

आईची आठवण झाली. वास्तुशांतीच्या आधी कवठे महांकाळहून ती एकटीच येऊन राहिली होती. आम्ही सामान बांधण्यात गुंतलो होतो. तिनं घर झाडलं, सारवलं, परसात दुधीचा वेल लावला. जाताना म्हणाली, "घर आता साफ हाय. काय बी काळजी करू नगंस, आकाराम." जन्म मेंढरांमागं गेला तिचा. वायरीतली घाण तिला बिचारीला काय दिसणार!

३ जुलै

मिरजेच्या एका जाणत्या मिस्त्रीला घर दाखवलं – हात न लावता, नुसतं डोळ्यांनी, आणि टेस्टरचं टोक टेकवून. म्हणाला, "घराला अर्थच न्हाई की!" मी म्हटलं, तत्त्वज्ञान राहू दे, दोष सांग. तर दोषच तो! अर्थ म्हणजे जमिनीत उतरवलेली तार. चुकार वीज तिच्यातून मातीत जाते. ती तार नीट नसली की वीज माणसातून मातीत जाते. आमच्याकडे सध्या मुक्तातून जाते.

नोटिशीचा मसुदा केला. 'सदर घरास अर्थ नाही, आणि तो देण्याची संपूर्ण जबाबदारी तुमची होती.' वकीलसाहेबांनी दोनदा वाचलं. "आकाराम, हे वाक्य बरं दिसत नाही रे. बायकोनं नवऱ्याला दिल्यासारखं वाटतं." पण बदलायला दुसरा शब्द सापडेना. गेली तशीच.

२९ जुलै

नोटिशीचं उत्तर आलं! जोतीरामनं कुणाकडून तरी लिहवून घेतलंय. भाषा काय एकेक! 'घरास अर्थ दिलेला आहे. परसात पुरुषभर खड्डा काढून, त्यात तांब्याचा पत्रा ठेवून, कोळसा, मीठ व पुन्हा कोळसा असे रीतसर थर देऊन अर्थ दिला. कनेक्शन देणाऱ्यांनी तपासून सही केली आहे. घरवाल्यास अर्थ समजत नसेल तर त्यास आम्ही जबाबदार नाही.'

कोळसा आणि मीठ! अरे, वीज जोडतोस की लोणचं घालतोस? वकीलसाहेब इतके हसले की तोंडातलं पान बाहेर आलं. आणि सहीचं काय सांगतो! सह्या चहावर होतात, हे मला शिकवू नये.

मुक्ता म्हणाली, "खणून बघा ना एकदा. कुदळ आहे घरात." वकीलसाहेबांना विचारलं. ते ओरडलेच. "खबरदार! तू खणलंस तर म्हणतील तूच पत्रा काढलास. खणायचं ते कोर्टानं." बरोबर आहे. कुदळ उचलून माळ्यावर टाकली.

८ सप्टेंबर

पाहुणे आले होते. भिंतीकडेला मांडलेले पाट बघून जेवायलाच बसले, भिंतीकडे तोंड करून.

२० जानेवारी १९६४

दावा दाखल. स्टँपवाल्याकडचा शिक्का अजून दक्षिण साताऱ्याचा. जिल्ह्याचं नाव बदलून वर्षं झाली, शिक्क्याला कुणी सांगितलेलंच नाही. त्यापायी अर्धा दिवस गेला. पण नंबर पडला, नंबर! वादी – आकाराम. आजवर ते नाव खाली कोपऱ्यात असायचं, 'लिहिणार' म्हणून.

११ मार्च

तारीख. प्रतिवादी हजर, त्याचे वकील गैरहजर.

२३ एप्रिल

तारीख. वकील हजर, जज्जसाहेब रजेवर.

९ जुलै

आज आईला बसला.

आठ दिवसांसाठी आली होती. न्हाणीतून ओल्या पायांनी बाहेर आली आणि पाइपाला हात लागला. धाडकन पडली. मी धावलो. मनगट सुजलंय, हाड वाचलं. म्हातारी उलट मलाच म्हणते, "निघालं तरी फटका मारतंयच त्ये. उतरंल हळूहळू." तिला वाटतं, वीज म्हणजे ताप. चढला, उतरला.

तिचं मनगट शेकताना मला जोतीरामचा भयंकर संताप आला. विडी ओढत 'भिताडावर केस करा' म्हणाला होता! आजपर्यंत गंमत होती. आता नाही. इन्स्पेक्टरकडचा अर्ज राहिला होता, तो आजच लिहिला. परवाना गेलाच पाहिजे याचा. पुन्हा कुणाच्या आईला असं होता कामा नये.

मुक्ता म्हणाली, "आता तरी दुसरा वायरमन आणा." मी म्हटलं, आता तर मुळीच नाही. चार पाट आणखी करून घेतले.

१८ फेब्रुवारी १९६५

अखेर कोर्ट कमिशनर आले! तरुण वकील, बूट घालूनच परसात उतरले. जोतीराम जुनी फौजी टोपी घालून हजर. म्हणाला, जागा मीच दाखवतो, मीच खणतो. बरोबर दुधीच्या वेलावर कुदळ मारली.

आई कालच गावाहून आली होती, पायरीवरच बसली होती. "काय बी न्हाई तितं आता! कशाला माझा येल मारतायसा?"

मी मनात म्हटलं, वा! न विचारता साक्ष! कमिशनरांनी लगेच टिपून घेतलं – घरातील वृद्ध स्त्रीही जागा रिकामी असल्याचे सांगते.

गुडघाभर खणलं. कंबरभर खणलं. तार भिंतीतून मातीत उतरली होती आणि तिथंच संपली होती. पुढं पत्रा नाही, कोळसा नाही, काही नाही. नुसती माती! जोतीराम खड्ड्यात उतरून हातानं माती चाळायला लागला. "हितंच हुती. आयच्यान, प्लेट हितंच ठेवली हुती म्या." टोपी पडली तरी उचलली नाही. क्षणभर मला वाईट वाटलं. मग वाटलं, काय नट आहे!

सगळे गेल्यावर आईनं विचारलं, "पलेट शोधत हुतं व्हय त्ये? कपबशीतली?" मुक्ता आणि मी पोट धरधरून हसलो. फार दिवसांनी दोघं एकत्र हसलो.

२ एप्रिल

जोतीरामची बायको सुलाबाई साक्षीला उभी राहिली. काठापदराचं लुगडं, डोईवर पदर, आवाज खणखणीत. "मिठाचं बोचकं म्या डोईवर आनलं. कोळसा म्या फोडला. पत्रा ह्यांनी चिचंनं घासून लख केला, माज्या म्होरं पुरला."

वकीलसाहेबांनी गोड आवाजात विचारलं, "खड्डा किती खोल होता बाई?"

"गुडघाभर हुता. खोटं कशाला बोलू? म्या म्हनलं बी, आवं आजून खणा. तर म्हनले, मिठाला काय कळतंय!"

कोर्ट हसलं. नवरा लिहून देतो पुरुषभर, बायको सांगते गुडघाभर! साक्ष जागच्या जागी फुटली. जोतीराम खाली मान घालून बसला होता. सुलाबाई पिंजऱ्यातून उतरली तेव्हा आपलं नेमकं काय चुकलं ते तिला कळलेलं नव्हतं.

घरी हे रंगवून सांगितलं. मुक्ता म्हणाली, "जिला खोटं बोलायचं असतं ती पुरुषभरच म्हणाली असती." मी म्हटलं, असं पुराव्याच्या कायद्यात नसतं. ती म्हणाली, "मग काय असतं त्यात?" आणि पाटावर चढून दिवा लावला.

१४ सप्टेंबर

जिंकलो! दावा खर्चासह मंजूर. निकालपत्रातलं वाक्य असं – 'प्रतिवादीने केवळ देखाव्यासाठी तार मातीत खुपसली.' वकीलसाहेबांनी पाठीवर थाप मारली. कचेरीत पेढे वाटले. दिवाळीनंतर जोतीरामनं दुसऱ्या परवानेवाल्याच्या देखरेखीखाली अर्थ नव्यानं द्यायचा. दुसऱ्याच्या का, तर त्याचा स्वतःचा परवाना गेल्या महिन्यात इन्स्पेक्टरनं रद्द केला. माझ्याच अर्जावर.

१० ऑक्टोबर

बाजारात जोतीराम दिसला. ज्या पोराला त्यानं काम शिकवलं, त्याचीच शिडी खांद्यावर घेऊन मागून चालला होता. गिऱ्हाइकं म्हणतात, हा तांबं खातो. मी रस्ता बदलणार होतो, पण त्यानंच रामराम घातला. "आण्णा, भिताडाचं खोटं बोललो. पुरुषभराचं बी खोटं बोललो. मिलिट्रीचं म्हनलो, ते बी वायच जास्तीच झालं. पर प्लेट ठेवली हुती." मी म्हटलं, अपील कर, कायदा आहे. तो म्हणाला, "कशाच्या जिवावर? माजी मलाच आता खात्री न्हाई."

घरी येऊन जेवलो नाही. कारण कळलं नाही.

७ नोव्हेंबर

उद्या जोतीराम येणार खड्डा काढायला. आई दिवाळीपासून इथंच आहे. पुन्हा आरडाओरडा नको म्हणून जेवताना तिला आधीच सांगून ठेवलं – वेलाच्या जागी खणतील, तांब्याचा पत्रा पुरतील, वर कोळसा आणि मीठ घालतील.

आईच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "तांब्याचा पत्रा? कोळसं, मीठ? म्हंजी ती करनी त्या वायरमननं केली हुती व्हय! आन् म्या समजत हुते भावकीनं." मग जवळ सरकली. "येल लावताना घावलं बग. लय भ्याले. समदं उकरलं, पत्रा तारंतनं उपटला, फडक्यात बांदला, गावाकडं नेऊन बिरोबाच्या म्होरं पुरला. तुला सांगितलं न्हाई, उगा घोर लागंल. बरं जालं का न्हाई? म्या काढला म्हनून तर तू जिकलास, लेका!"