न संपणारं दळण

४ ऑगस्ट, सोम.
श्रावणी सोमवार, उपास. ह्यांचा झोपेचाही उपास चालूच. घोटीची गिरणी बंद करून नाशिकला मुलाच्या फ्लॅटवर आलो, तेव्हापासून डोळ्याला डोळा नाही. काल झोप (झो.) – रात्री दोन तास, दुपारी शून्य. म्हणे, "इथं लय शांत हाय गं, कान दुखत्यात." चाळीस वर्षं गिरणीच्या मागच्या खोलीत झोपलेला माणूस! सकाळी जाहीर केलं, रविवारपर्यंत झोप लागली नाही तर परत घोटी, परत गिरणी. डॉक्टरांनी पिठाच्या धुळीपासून लांब राहायला बजावलंय. छातीचा भाता वाजतो. पण सांगणार कोण? इतकी वर्षं रात्रीचं दळण बघणारे रफीकभाऊ गिरणी चालवायला कधीचे तयार आहेत, हेच किल्ली सोडत नाहीत.

५ ऑगस्ट
सईला सांगितलं. नात अकरावीत, प्रत्येक दुखण्यावर तिच्या मोबाईलमध्ये औषध. म्हणाली, "आजी, ब्राउन नॉईज लाव. मी अभ्यासाला लावते." जड, एकसुरी घरघर. अगं बाई, ही तर आपली गिरणी! मला उभ्या उभ्या पेंग आली.
दु. जेवणानंतर ह्यांच्या उशाशी लावलं. डोळे मिटले. मी नवस बोलणार, तोच ताडकन उठून बसले. "बंद कर आधी! दगड रिकामा फिरतोय!"
खरंच की. दाणे संपले की दगडावर दगड घासतो, दोन्ही वाया. असा आवाज ऐकून गिरणीवाला झोपेल कसा? सई हसून गडाबडा लोळली, मीही. हे नाही हसले.

६ ऑगस्ट
सईने आणखी तीन आवाज लावून पाहिले. धबधबा, पंखा, विमान. विमानाला हे म्हणाले, "दगड मोठा हाय. पण रिकामाच." झो. – दीड तास. चिडचिड, भाजीला नावं. रविवार जवळ आला. मला नाही जायचं परत. इथे सई आहे, आणि ह्यांचा श्वास थोडा मोकळा झालाय...

७ ऑगस्ट, गुरु.
मलाच सुचलं. आवाज रिकामा आहे ना? मग भरून आणू! दहा किलो गहू घेऊन मी नि सई पंचवटीतल्या गिरणीत. सून म्हणत होती, घरात पाकिटाचं पीठ आहे. असू दे. मोबाईल खिडकीत ठेवला. गिरणीवाली ताई: "आजी, रील काढताय का?"
"नाही गं, नवऱ्याला झोपवायचंय."
ती इतकी हसली की मापातला गहू सांडला.
दु. लावलं. हे डोळे मिटून बोलू लागले, "गहू चांगला वाळलाय... दगड गुळगुळीत झालाय, टाकी मारायला पायजे..." आणि घोरू लागले! दहा किलो संपले, आवाज बदलला, तसे उठून बसले. पण तोवर झोपले तर होते! पेढे वाटावेसे वाटले.

८ ऑगस्ट
सईने काल शेवटचा रिकामा भाग कापला आणि तेच दळण पुन्हा पुन्हा जोडून आठ तासांचं केलं. आज सकाळी हे चहा घेताना, "काय गिऱ्हाईक हाय! दळण संपतच नाय. लग्नघरचं असंल." तोंडावर केवढा आनंद.
झो. – सहा तास!! माझी सात. इतकी वर्षं मला वाटायचं, मी दमून झोपते.

९ ऑगस्ट
झो. – साडेसहा. दळून आणलेल्या पिठाच्या पोळ्या लागोपाठ तिसऱ्या दिवशी, सुनेचं पाकीट तसंच पडून. हे मात्र सईला म्हणाले, "ह्या आवाजानं गिरणीतच असल्यागत वाटतं." झोप तर आणली, पण तिच्यासोबत घोटीही आणली की काय मी?

१० ऑगस्ट, रवि.
सकाळपासून घोटीचं नाव नाही. मीही काढलं नाही. ह्यांनी चार पोळ्या खाल्ल्या, पेपर वाचला, आडवे झाले.
दुपारी रफीकभाऊंचा फोन. "वैनी, दादांचं काय ठरलं? किल्ली घ्यायला मी येऊ, का दादाच येत्यात इकडं?"
पलंगाकडे पाहिलं. तोंड उघडं, पोट वरखाली.
"झोपलेत," म्हटलं.
"दोन मिनिटं उठवा ना."
"भाऊ, आज जग बुडालं तरी मी उठवणार नाही."
ते हसले, मीही हसले. काय ठरवायचं ते उठल्यावर ठरवतील. फोन ठेवला आणि मीही शेजारी आडवी झाले.