आंदेने इंजिन काढलं

१४ फेब्रुवारी
इंजिन काढलं! मला न विचारता! आठ दिवस सोबत्यांच्या गाडीवरून मासी गावापलीकडच्या डोंगरात रेनडियरच्या कळपामागे होते. परत येऊन शेड उघडते तर स्नोमोबाइलचं पोट रिकामं. बाबांनी तीन मोडक्या गाड्यांतून जुळवलेली गाडी ती — पट्टा एकीचा, स्की दुसरीच्या, सांगाडा स्वतः वेल्डिंग करून उभा केलेला. आणि माझा धाकटा भाऊ, आंदे, दारात उभा राहून सांगतो, "ताई, नवं फोर-स्ट्रोक इंजिन बसवतोय. जुनं दिलं एकाला, सुट्या भागांसाठी."
दिलं! कुणाच्या बापाचं — हो, आमच्याच बापाचं!

१५ फेब्रुवारी
आंदेशी बोलत नाही.

१७ फेब्रुवारी
बाबा शेडमध्ये स्टुलावर बसून असतात. कॉफीत चीजचे तुकडे टाकायचे, चमच्याने काढून खायचे.
"तुम्ही त्याला काहीच कसं बोलला नाहीत?"
"गाडीच आहे, रिस्तिन."
बास. एवढंच! तळ्यापलीकडून त्या इंजिनाचा आवाज आला की हाच माणूस चुलीवर कॉफी ठेवायचा — रिस्तिन आली म्हणून!

२० फेब्रुवारी
आंदेचं काम बघितलं. बघवेना. पुढची पुली आणि मागची पुली एका रेषेत नाहीत, बोटभर फरक! बेल्ट तासाभरात जळेल. शिवाय इंजिन जड, आणि बसवलंय अगदी पुढे.
"चालतंय की," म्हणतो.
"चालेल, आणि खोल बर्फात नाक खुपसून बसेल. मग तूच ढकल!"
शेवटी मीच जाड पत्रा कापला, नवी बैठक वेल्ड केली, इंजिन मागे सरकवलं. रागारागात. रागात माझं वेल्डिंग चांगलं होतं.
"बरं झालं ताई तू—"
"तुझ्यासाठी नाही केलं."

२७ फेब्रुवारी
गोठलेल्या तळ्यावर चालवून पाहिली. बेल्ट गार. नाक वर. पण आवाज? शिलाई मशीन! शेजारची बेरेत म्हणाली, "अगं, तू आलीस कधी? कळलंच नाही." तेच तर!
घरात येऊन म्हटलं, "बाबा, तिच्यात जीवच राहिला नाही." ते उठून बाहेर गेले.

२ मार्च
बाबा आज गाडी घेऊन एकटेच तळ्यावर गळ टाकायला गेले. दोन हिवाळ्यांनी!
त्यांचा खांदा दुखतो, एवढंच मला ठाऊक होतं. दोरी ओढून जुनं इंजिन सुरू करणं त्यांना जमतच नव्हतं, हे नाही. हे नवं किल्लीने सुरू होतं. इंजिन बदलायला आंदेला त्यांनीच सांगितलं होतं.
"मग मला का नाही सांगितलंस?"
"बाबा म्हणाले, 'रिस्तिनला कळू देऊ नकोस. कळप सोडून रोज सकाळी माझी गाडी सुरू करून द्यायला येऊन उभी राहील.'"
राहिले असते.