गठ्ठा सदतीस, घर बारा

४ फेब्रुवारी, मंगळवार

पन्नाशी उलटली की बाईला काही विचारायचं नाही म्हणे! पंधरा ते एकोणपन्नास, तेवढ्याच बायका. मी बासष्टची. तीन बाळंतपणं झाली, त्यातलं एक पोर आठ दिवसांत गेलं. ते कुणाच्या कागदावर यायचं नाही. आम्ही काय उकिरड्यावर उगवलो?

चष्मेवालीला तोंडावर म्हटलं तसं. ती इथली मुख्य. पस्तिशीची असेल, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आवाज कधी चढत नाही. म्हणाली, "आजी, तुमच्यासाठी दुसरं काम आहे. तुम्ही कागद सांभाळा."

तर मी कागद सांभाळते. बायका आणि लहान पोरं यांची पाहणी चालली आहे. बायका खांद्याला पिशव्या लावून घरोघरी जातात, प्रश्न विचारतात, फॉर्म भरतात. वीस घरांचा एक गठ्ठा. गठ्ठा माझ्या खोलीत आला की मी त्याचा आकडा वहीत चढवते, कपाटात ठेवते, किल्ली कमरेला. शाळा चौथीपर्यंत, पण आकडा मला चुकत नाही. वहीची मागची पानं कोरी पडली होती. त्यावर हे माझं. कुणी वाचायचं नाही.

५ फेब्रुवारी

आज चष्मेवालीने माझी सही घेतली. कागदात काय आहे ते वाचायचं नाही, नजरेला पडलं तर बाहेर बोलायचं नाही. "जमेल ना, आजी?"

म्हटलं, झाकली मूठ कशी ठेवायची ते मला शिकवू नका.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

पलीकडच्या खोलीत दोन पोरी बसतात. एक पटपटी. बोटं अशी चालतात की पत्र्यावर गारा पडल्यासारखा आवाज. दुसरी रेंगाळी. ती आधी कागदाकडे बघणार, मग छताकडे, मग एक बोट खाली आणणार. पटपटीने गठ्ठा मशीनमध्ये घातला की मी तो परत आणायचा. मग तोच गठ्ठा रेंगाळीला द्यायचा. ती पुन्हा पहिल्यापासून सगळं घालणार! पहिलीने काय घातलं ते तिने बघायचं नाही.

मी म्हटलं, हा काय रिकामटेकडा उद्योग? धुतलेलं लुगडं पुन्हा भट्टीला?

चष्मेवालीने शेजारी बसवून दाखवलं. दोघींचं झालं की मशीन दोन्ही समोरासमोर धरतं आणि फरक असेल तिथेच थांबतं. पटपटीने एका पोराचं वजन अकराऐवजी सतरा घातलेलं. दोन वर्षांचं पोर, सतरा किलो! मशीनने बरोब्बर तिथे बोट ठेवलं. ओरडलं नाही, टोमणा मारला नाही. माझी सासू चुका काढण्यात अशीच तरबेज होती, पण तिला गप्प राहून काढता येत नव्हत्या.

पटपटी लाजली. रेंगाळीने छताकडे बघितलं. मला हसू आलं, पण त्या मशीनपासून खुर्ची जरा लांब सरकवली.

८ फेब्रुवारी, शनिवार

आमच्याच दारात आल्या! गल्लीतली घरं चिठ्ठ्या काढल्यासारखी निवडतात, त्यात आमचं निघालं. पिशवीवालीने चौकटीवर खडूने १२ लिहिलं. मला ओळखलं नाही तिने. मीही दाखवली नाही ओळख.

आधी घरात कोण कोण राहतं त्याची यादी. ती मी सांगितली, आणखी कोण सांगणार? ओळ एक मी. ओळ दोन मुलगा. ओळ तीन सून. ओळ चार नातू, नऊ वर्षांचा. ओळ पाच धाकटी, चार वर्षांची.

"हिची जन्मदाती आई जिवंत आहे?"

"आहे."

"याच घरात राहते?"

"ही काय, दारात उभी आहे." मी सुनेकडे बोट केलं. सून फरशीकडे बघत होती.

मग पिशवीवाली म्हणते, "आता ताईंशी एकटीशी बोलायचं आहे. दार लावून घेऊ?" माझ्या घरात, माझ्या तोंडावर दार! पाऊण तास. मी बाहेर ओट्यावर, धाकटी माझ्या पदराशी खेळतेय. आतून एकदा सुनेचं हसणं आलं, मग बराच वेळ काहीच आलं नाही.

इथे लिहिते, कारण हे कुठेच लिहिलेलं नाही. धाकटी सुनेची नाही. माझ्या मुलीची आहे. मुलगी नोकरीला लांबच्या शहरात होती. एक दिवस पोट घेऊन आली. पुरुष दाखव म्हटलं, तर दाखवायला कोणी नव्हता. तिला आणि सुनेला, दोघींनाही सुनेच्या माहेरी धाडलं. चार महिन्यांनी सून परत आली ती पोर घेऊन. गल्लीने पेढे मागितले, मी दिले. मुलीला सांगितलं, पोर ठेव आणि जा, पुन्हा हा उंबरा चढायचा नाही. कुणी विचारलं तर सांगते, लांब नोकरीला आहे. घरात तिचं नाव निघत नाही. मी निघू देत नाही.

चार वर्षं. धाकटी सुनेला आई म्हणते. कुणाचं काही अडलेलं नाही.

९ फेब्रुवारी

सुनेला विचारलं, काय विचारत होती एवढं?

"बायकांचं."

"आणि तू काय सांगितलंस?"

"माझं."

एवढंच. आणि भांडी घासायला बसली. अशी घासत होती की भांड्याची कल्हई नव्हे, तळ निघावा!

११ फेब्रुवारी, मंगळवार

चष्मेवालीने मागच्या पाहणीचं पुस्तक दाखवलं. सगळे तक्ते. एका आकड्यावर बोट ठेवून म्हणाली, "आजी, जन्मलेल्या हजार पोरांमागे वर्षाच्या आत किती गेली, ते हे."

"हे कुठून आलं?"

"तुमच्यासारख्याच एका खोलीतून. आठ हजार घरांतल्या बायकांनी आपापली पोरं एकेक करून सांगितली. गेलेली सुद्धा. तासभर जगलेलं सुद्धा विचारतो आम्ही. रडलं होतं का, श्वास घेतला होता का, असं."

आठ हजार दारं. आठ हजार बंद खोल्या. त्यातल्या बायकांनी घरच्यांना न सांगितलेलं एका परक्या बाईला सांगितलं, आणि त्याचा झाला एक आकडा, माझ्या करंगळीच्या नखाएवढा. त्याच्याखाली किती जणींचं रडं दाबून बसवलंय!

माझं आठ दिवसांचं असल्याच कुठल्या तक्त्यात असेल का, विचारलं. म्हणाली, "तेव्हा कोणी विचारायला आलं होतं का, आजी?"

नव्हतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

गठ्ठा सदतीस आला. आमची गल्ली.

वहीत आकडा चढवला. कपाट उघडलं, गठ्ठा ठेवला, कुलूप लावलं. मग कुलूप काढलं. गठ्ठा मांडीवर घेतला. बारावं घर वरून बारावं, मोजायची सुद्धा गरज नाही. सुतळीची गाठ सोडली.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. खोलीत कोणी नाही आणि मला वाटतंय, भिंत बघतेय. इथे बायका काय काय सांगून ठेवून गेल्यात. माझ्या सुनेचं वाचलं, तर आणखी एकोणीस जणींच्या सासवा माझ्या पाठीमागून डोकावल्यासारख्या होतील.

गाठ मारली. दोनदा मारली. पटपटीने नंतर शिव्या घातल्या, सुटता सुटेना म्हणून.

१७ फेब्रुवारी

सदतीस पटपटीचा झाला. रेंगाळीचाही झाला. दोघींचं जुळलं. मला उगाच हलकं वाटलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

हलकं कशाचं! दोघींनी बरोबर घातलं म्हणजे कागद खरा बोलतो असं थोडंच आहे? त्यानंतर मशीन कागदालाच प्रश्न विचारतं. एका पानावरचं दुसऱ्या पानाला पटतं का, ते बघतं. न पटणाऱ्याची यादी छापून आली. यादीत नाव नाही, गाव नाही. चष्मेवाली मोठ्याने वाचत होती, मी गठ्ठे काढून देत होते.

"गठ्ठा सदतीस, घर बारा. ओळ पाचची आई म्हणून ओळ तीन दाखवली आहे. ओळ तीनच्या बाईने सांगितलेल्या जन्मांत हे मूल नाही. तिला एकच मूल."

मी सदतीस काढून तिच्या हातात दिला.

चार वर्षं गल्लीला पत्ता लागला नाही. समोरची, जिला दुसऱ्याच्या घरातली फोडणी कुठली ते वासावर कळतं, तिला लागला नाही. आणि या डब्याने! ना आमचा उंबरा बघितला, ना पोरीचं तोंड. पाच आणि तीन, एवढंच त्याला ठाऊक. त्याने तिथेच बोट ठेवलं.

पटपटी म्हणाली, "विसरली असेल बाई. वाढवून टाकू एक मूल. काय फरक पडतो?"

चष्मेवालीचा आवाज तेव्हाही चढला नाही. "आई मूल विसरत नाही. आणि तू वाढवलंस तर तिला न झालेलं बाळंतपण तिच्या नावावर चढेल. यादी चुकली असेल. मशीन फक्त म्हणतं, हे दोन एकमेकांना पटत नाहीत. खरं काय ते घरीच जाऊन विचारायचं. इथे बसून कोणी काही ठरवायचं नाही."

एक बाळंतपण सुनेच्या नावावर मी चढवलं होतं. माहेर, पेढे, सगळं. मला नव्हतं कोणी अडवलं.

१९ फेब्रुवारी

संध्याकाळी सून पाणी भरत होती. मी सरळ विचारलं. "एकच सांगितलंस?"

कळशी खाली ठेवली तिने. "हो."

"धाकटी तुझी नाही का?"

"माझी आहे. जीव टाकते मी तिच्यावर, तुम्हाला माहीत आहे. पण बाईने विचारलं, तुमच्या पोटी किती जन्मली. चार वर्षं मी तुम्ही सांगितलेलं सांगतेय, आई. माझं म्हणून कोणी विचारलंच नव्हतं. तिने विचारलं, मला खोटं बोलवेना."

"आणि ते ऐकून कोणी माझ्या तोंडात शेण घातलं असतं तर?"

"तुमच्या तोंडाजवळ यायची कोणाची हिंमत आहे?" हसली. मग हसणं गेलं. "वन्सं जिवंत आहेत, आई. आपण पोरीच्या नशिबातून जितीजागती आई पुसली. मीही पुसली, तुमच्या बरोबरीने. मला त्याचंच सलत होतं."

कळशी उचलून आत ठेवली मी.

२० फेब्रुवारी, गुरुवार

चष्मेवालीला म्हटलं, सदतीसमधलं बारा नंबर माझं घर. खरं काय ते सांगते, लिहून घ्या.

तिने चष्मा काढला. पहिल्यांदाच डोळे दिसले तिचे, लहान आहेत. "मला सांगू नका, आजी. मी ऐकलं तरी लिहू शकत नाही. मला हे घर तुमचं आहे ते सुद्धा माहीत असायला नको होतं. पिशवीवाली उद्या परत येईल. तिला सांगा."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर 'माहीत नाही' लिहू. त्यालाही आकडा आहे आमच्याकडे."

असेल. त्यांच्याकडे सगळ्याला आकडा आहे. पण आमच्या घरात तीन मोठी माणसं आहेत आणि तिघांनाही माहीत आहे. चार वर्षांची पोर, आईच्या जागी 'माहीत नाही'. घरचा कुत्रा कुठून आणला ते सुद्धा लोक सांगतात.

गल्लीला कळेल? पिशवीवालीने सही केली आहे, तीही सांगायची नाही. मग मी घाबरतेय कुणाला? गल्लीला नव्हे, मी जे केलं त्याला.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आली. यादी समोर धरली. मुलगा मधे बोलायला लागला, "त्याचं काय आहे ताई—" मी हातानेच थांबवलं.

"ओळ पाच. जन्मदाती आई जिवंत आहे?"

"आहे."

"या घरात राहते?"

"नाही."

"कुठे राहते?"

"दुसऱ्या शहरात." मग कोणी न विचारता बोलले, "माझी मुलगी आहे ती."

तिने मान वर केली नाही. दोन खुणा केल्या, एक जुनी ओळ आडवी कापली, बाजूला सही केली. झालं! चार वर्षांचं ओझं, आणि पेन्सिल सुद्धा मोडली नाही तिची. छत कोसळलं नाही. समोरची गॅलरीत कपडे वाळत घालत होती, तशीच घालत राहिली. सुनेने मला पाणी आणून दिलं, न मागता.

कुठल्यातरी तक्त्यात आता एक पोर असेल — आई आहे, पण वेगळ्या घरात. किती पोरं असतील तशी? म्हणजे त्यांच्यासाठी रकाना आधीपासून होता! मला वाटत होतं, जगात आमचंच एक.

२३ फेब्रुवारी, रविवार

धाकटी दाराआड होती परवा. आम्हाला कुणाला दिसलीच नाही. आज जेवताना म्हणाली, "आजी, तुझी मुलगी माझी कोण?"

सून तोंड उघडणार, मुलगा ताटात बघणार. मी दोघांना दटावलं आणि मुलाला म्हटलं, लाव बहिणीला फोन. नंबर तुझ्याकडे आहे, चोरून बोलतोस ते मला पहिल्या महिन्यापासून माहीत आहे. म्हणावं, आईने बोलावलंय. पोरीने विचारलंय, तू ये आणि सांग. तोवर या घरात कोणी उत्तर द्यायचं नाही — मीसुद्धा.