हिच्या आवडीचे कांदे

४ मार्च, सोमवार
ही भावाकडे हवापालटाला गेली आहे. झाडून सगळे कपडे घेऊन गेली. थोडक्यात पॅकिंग करणं हिला कधी जमलंच नाही.

फोन केला. मेव्हणा म्हणाला, ताई झोपलीय. सकाळी अकरा वाजता? असो. मला राग आलेला नाही.

उपाय सापडला. हॉटेलात गेलं की ही आधी त्या व्हिनेगरमधल्या गुलाबी कांद्यांवर तुटून पडते. वाटी संपली की दुसरी मागवायची. तेच कांदे घरी करायचे. बरणी बघूनच विरघळेल. हिच्या आवडीनिवडी मला तोंडपाठ आहेत. हॉटेलात हिला तोंडही उघडावं लागत नाही, हिची ऑर्डर मीच देतो.

५ मार्च, मंगळवार
रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोल करण्यात हयात गेली माझी. डबा उघडायच्या आत त्यात काय बिघडलंय ते सांगतो. कांदा म्हणजे किस झाड की पत्ती!

व्हिडिओ पाहिला. छोटे कांदे सोलायचे. पाणी, व्हिनेगर, मीठ, साखर उकळायचं. गार करून बरणीत ओतायचं. रंगासाठी बिटाचे काप. व्हिडिओतली बाई 'गार करून' हे पुन्हा पुन्हा बजावत होती. लोकांना उगाच व्हिडिओ लांबवायची सवय.

६ मार्च, बुधवार
उकळतंच ओतलं. बरणी तडकली. हल्ली काचेचा दर्जा पार घसरलाय. कांदे ओट्यावर, व्हिनेगर शेगडीखाली, मी खोकतोय. वासाने शेजारीण आली. कुणी काही प्यायलं तर नाही ना, असं विचारून गेली. भोचक बाई! मी एकटा आहे हे बरोबर ठाऊक आहे तिला.

८ मार्च, शुक्रवार
दुसरी बॅच. छोटे कांदे सोलत कोण बसणार? मोठेच आणले, उभे चिरले. बीट अंदाजाने घातलं. हात मनगटापर्यंत गुलाबी. घासले, जात नाहीत. लॅबमधला केमिस्ट म्हणाला, साहेब, हा शेड कॅटलॉगमध्ये नाही आपल्या. अख्खी लॅब फिदीफिदी हसली. मेमोच देणार होतो. मग वाटलं, हिला सांगायला किस्सा झाला. ही हसली की बघण्यासारखी दिसते. बऱ्याच दिवसांत हसलेली पाहिली नाही, तब्येतीमुळे असेल.

संध्याकाळी फोन केला. मेव्हणा म्हणाला, ताई अंघोळीला गेलीय. स्वच्छतेची आवड हिला पहिल्यापासून.

९ मार्च, शनिवार
हिचाच फोन! उद्या येतेय. मी विचारलं, मुक्कामाला ना? म्हणाली, आल्यावर बोलू. आता ज्याला बायको कळते त्याला कळेल, हा होकारच.

संकल्प: उद्या हिच्या एकाही गोष्टीत चूक काढायची नाही. दिवा जळत ठेवू दे, नळ टपकत ठेवू दे. ब्र काढणार नाही.

कांदे झकास दिसतायत. चाखले नाहीत. मला बघूनच कळतं. पास.

१० मार्च, रविवार
आली. बरोबर मेव्हणा आणि एक हमाल. शिलाई मशीन न्यायला आली होती.

मी म्हटलं, बस तरी, तुझ्या आवडीचं केलंय. बरणी पुढे ठेवली. तिने एक फोड खाल्ली. नुसतं मीठ झालंय म्हणाली. मग म्हणाली, मला हे कधीच आवडत नव्हते.

मी चाटच पडलो. वाट्यांवर वाट्या संपवायचीस की! तर म्हणाली, मेन्यू कार्ड कायम तुमच्या हातात. मी काय खायचं ते तुम्ही वेटरला सांगणार. कांदे तेवढे ऑर्डरच्या आधी यायचे, तुम्हाला न विचारता. टेबलावर मला माझ्या मनाने घेता येईल असं तेवढंच होतं.

आवाज चढवला नाही. भांडली असती तर मी ऐकून घेतलं नसतं. मी विचारलं, अगदी मनापासून विचारलं, मग तुला आवडतं तरी काय?

ती थांबली. खांद्यावरची पर्स काढून खुर्चीवर ठेवली. माझ्याकडे नीट बघितलं आणि सांगायला लागली. सावकाश, आठवून आठवून.

तेवढ्यात त्या दोघांनी मशीन आडवं करून दारातून काढायला घेतलं. आडवं! अशाने चौकट सोलून निघेल, एवढीही अक्कल नाही. मी तिथूनच ओरडलो, अहो, उभं धरा, आधी पाय बाहेर काढा, आता डावीकडे, माझ्या डावीकडे!

मशीन निघालं एकदाचं. ओरखडासुद्धा नाही.

वळलो तर ती पर्स उचलत होती. काय सांगत होतीस, म्हणून विचारलं. म्हणाली, सांगून झालं.