आर्डिथने भरलेला डबा

मी, हार्लन स्टेनरुड, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा बंदुका, काडतुसे व लोखंडी सामानाचे दुकान, राहणार टॅमरॅक बेंड, युकॉन नदीचा उत्तर काठ, अलास्का, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी फुफ्फुसे निकामी झाली आहेत. डोके शाबूत आहे. सकाळपासून कॉफीखेरीज काही प्यालेलो नाही. माझ्यावर कोणीही दडपण आणलेले नाही. आणणारे कोणी असते, तर हे एकतीस वर्षांपूर्वीच लिहून झाले असते.

कलम १. यापूर्वी मी एक मृत्युपत्र करून पोस्टाच्या लविनाबाईंकडे ठेवले होते. ते रद्द समजावे. त्यात खोटे काही नव्हते. फक्त ते अपुरे होते, आणि अपुरे खरे बोलण्यात माझा हात धरणारा या नदीवर कोणी नाही.

कलम २. मला टेकडीवर पुरावे. जमीन गोठलेली असेल तर वसंतापर्यंत मागच्या शेडमध्ये ठेवले तरी चालेल, मला घाई नाही. मात्र वेंडेलच्या शेजारी पुरू नये. वेंडेल माझा धाकटा भाऊ. टपालाचे विमान चालवायचा. १९७४ च्या नोव्हेंबरात गेला. त्याच्या शेजारची जागा त्याच्या बायकोची, म्हणजे आर्डिथची आहे.

कलम ३. माझे राहते घर, लाकडाचे कोठार आणि नदीत मासे धरायचे चाक ही सर्व मिळकत माझी भावजय आर्डिथ स्टेनरुड हिला द्यावी. चाकाचा डावीकडचा खांब हलतो. दरवर्षी ठोकीन म्हणतो आणि राहून जाते.

कलम ४. दुकानातल्या बंदुकांविषयी. चाळीस वर्षे लोक या गल्ल्यापाशी कोपर टेकून एकच प्रश्न विचारत आले: "हार्लन, सगळंच बुडालं, तर कुठली बंदूक जवळ ठेवू?" अमेरिकेतल्या खालच्या राज्यांतून आलेला एक शाळामास्तर सात बंदुका घेऊन आला होता आणि त्यांना काडतुसे लागत सहा जातींची. मी म्हटले, "मास्तर, घरात सहा सासवा आणल्यात. एकीला दिलेलं दुसरीला चालायचं नाही." तो हसला. पुढच्या उन्हाळ्यात त्यातल्या पाच माझ्याकडेच विकून गेला.

माझे नियम तीन होते. ते कोणाच्या वाट्याला घालता येत नाहीत, म्हणून सगळ्या गावाला ठेवून जातो. पहिला: बंदूक इतकी हलकी हवी की कंटाळून ती मागे ठेवावीशी वाटू नये. दुसरा: पोट भरते ते सशावर आणि रानकोंबड्यावर, अस्वलावर नाही. म्हणून बारीक पॉइंट टू-टूची बंदूक. तिची दोनशे काडतुसे ओंजळीत मावतात. तिसरा: बंदूक आणि काडतूस एकाच हाताने, एकाच वेळी, शेजारी शेजारी ठेवून बांधावे. हे तिन्ही नियम मीच केले, आणि एकाच सकाळी तिन्ही मोडले. ते पुढे येईल.

दुकानातली घडीची टू-टू एफ्रेम ओल्सनला द्यावी. हा आमचा जुना पारधी, माझा चाळीस वर्षांचा मित्र, आणि ज्याचे तोंड कधी बंद राहिले नाही असा माणूस. त्या १९७४ च्या शरदात एका अस्वलाने त्याच्या झोपडीचे दार उखडले होते. तो दुकानात आला, वेंडेलच्या विमानासाठी बांधायला काढलेली ही टू-टू त्याने उचलली आणि भरल्या दुकानात म्हणाला, "ही रे काय, चिमण्या मारायची? भाऊ आहे ना तुझा? का उंदीर पकडायला पाठवतोयस त्याला?" सगळे हसले. मीही हसलो. एफ्रेम, तुझा दोष काडीचा नाही. चेष्टा तू केलीस, ती मनाला लावून घेतली मी.

कलम ५. मागच्या खोलीत कापडात गुंडाळलेली थर्टी-थर्टी रायफल आहे. तिच्या दस्त्यावर चाकूने पाडलेल्या सव्वीस खाचा आहेत. तिचे काय करायचे ते आर्डिथने ठरवावे.

कलम ६. हे कलम मिळकतीचे नाही, पण बाकी सगळे मृत्युपत्र याच्यासाठी आहे.

त्या काळी इकडे कायदाच होता: विमान उडवायचे तर आत दोन आठवड्यांचे अन्न, कुऱ्हाड, काड्या, गळ, आणि बंदूक व काडतुसे असलीच पाहिजेत. वेंडेलच्या विमानातले हे सामान आमच्या घरात ठरलेले होते. काय न्यायचे ते मी ठरवायचो आणि यादी लिहून दुकानाच्या खिळ्याला अडकवायचो. यादीबरहुकूम काडतुसांचा डबा आर्डिथ भरायची. आत ओल जाऊ नये म्हणून झाकणाभोवती मेण ओतायची आणि डब्यावर चिठ्ठी चिकटवायची. एकदा मेण ओतले की तो डबा गरज पडल्याशिवाय कोणी उघडत नसे. बंदूक कापडात बांधून विमानात ठेवायचो मी. वेंडेल कधी सोडून बघत नसे. म्हणायचा, "हार्लनने बांधलंय ना, मग झालं."

त्या वर्षीच्या यादीत मी लिहिले होते: टू-टू, दोनशे. आर्डिथने टू-टू दोनशे भरली, मेण ओतले, चिठ्ठी लावली. आणि उडायच्या सकाळी मी कापड सोडून टू-टू काढली आणि तिच्या जागी मोठ्या शिकारीची थर्टी-थर्टी बांधली. आता हस म्हणावे एफ्रेमला. तिची काडतुसे गल्ल्यावर काढून ठेवली होती. विमानाशी जाऊन वेंडेलच्या हातात द्यायची, असे मनात होते. तेवढ्यात ढग फाटले, हवामान खुले झाले, आणि तो ठरल्या वेळेच्या तासभर आधी निघून गेला.

मी दुकानात आलो तर काडतुसांचा खोका गल्ल्यावर.

वेंडेल अजून वाटेत शुगर आयलंडच्या गावी उतरायचा होता. तिथे दुकान होते, थर्टी-थर्टीची काडतुसे होती. रेडिओ माझ्या हाताशी होता. दोन वाक्ये बोलायची होती. पण नदीकाठच्या सगळ्या गावांचा रेडिओ एकाच वाहिनीवर. स्वैपाक करता करता बायका ऐकतात, जाळी विणता विणता म्हातारे ऐकतात. हार्लन स्टेनरुड, ज्याला सगळी नदी विचारते कुठली बंदूक घेऊ, त्याने भावाला एक बंदूक दिली आणि काडतुसे दुसरीच, हे मी माझ्या तोंडाने सगळ्यांना सांगायचे? मी स्वतःला म्हटले, संध्याकाळी तर परत येतो. आणि खोका फळीवर ठेवून दिला.

शुगर आयलंडहून तो उडाला आणि पोचला नाही.

एकतिसाव्या दिवशी एका वैमानिकाला झाडीत पंख दिसला. मी आणि एफ्रेम त्याच दिवशी कुत्र्यांच्या गाडीने गेलो. एफ्रेम कुत्री बांधत होता, मी पुढे झालो. वेंडेल झोपण्याच्या पिशवीत बसलेला होता. विमानाभोवती बर्फात सशांची पावले एवढी होती की पाय ठेवायला जागा नव्हती. त्याने तारेचे फास लावून पाहिले होते. त्यात दोन सापडले असावेत, कातडी होती. डबा उघडलेला, दोनशेच्या दोनशे काडतुसे आत, कोरडी, चकचकीत. आर्डिथचे मेण एवढे चांगले होते. रायफलीवर दिवसाला एक अशा खाचा सव्वीस. म्हणजे आम्ही पाच दिवस उशिरा पोचलो. हातात टू-टू असती तर त्याने ते पाच दिवस सहज काढले असते, हे मी अंदाजाने बोलत नाही, हा माझा धंदा आहे.

त्याच्या छातीच्या खिशात डब्याचे झाकण होते. त्यावर खिळ्याने कोरले होते: "आर्डी, डबा तू बरोबरच भरलास."

मी ते झाकण माझ्या कोटात घातले.

गावात सगळ्यांनी पाहिले ते एवढेच: बंदूक थर्टी-थर्टीची आणि डबा टू-टूचा, वर आर्डिथच्या अक्षरातली चिठ्ठी. मला विचारले तेव्हा मी म्हणालो, "डबा आर्डिथने भरला होता." यात एक अक्षर खोटे नाही. एफ्रेमच्या चेष्टेनंतर मी यादी बदलली असेल, असे सगळ्यांनी धरले. यादी मी खिळ्यावरून काढून चुलीत टाकली होती. अंत्यविधीनंतर ती माझ्याकडे आली, उभीच राहिली, म्हणाली, "हार्लन, तू टू-टू लिहिलं होतंस ना? का थर्टी-थर्टी? मी खूप आठवून पाहते रे, पण आता माझाच माझ्यावर भरवसा नाही." आणि मी तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, "जाऊ दे आता, आर्डी. चुका होतात."

मी तिला माफ केले. गावाने माझी वाहवा केली. दीर असावा तर असा, म्हणाले. त्यानंतर तिने पुन्हा लग्न केले नाही, कोणाचे जेवणाचे डबेसुद्धा भरून दिले नाहीत. उन्हाळी मासेमारीच्या तळावर बायका सामान बांधायच्या तेव्हा ती लांब बसून राहायची. आणि दर रविवारी माझ्यासाठी मूस हरणाच्या मटणाचे सूप घेऊन येत राहिली, एकतीस वर्षे. मी ते प्यायलो. मला त्याची चव आवडायची, हेही लिहून ठेवतो.

झाकण माझ्या पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत आहे. माझ्या पश्चात ते आर्डिथला द्यावे आणि हे कलम तिला वाचून दाखवावे.

पुरवणी, सात दिवसांनंतर.

वरचे लिहून झाल्यावर रविवार आला. आर्डिथ सूप घेऊन आली, वाडग्यात ओतून माझ्यासमोर ठेवले. मला ते उचलवेना. मी तिला बसवले आणि कलम सहा वाचून दाखवले. मेल्यावर वाचायचे ते आधीच का वाचले, याला शौर्य म्हणू नये. सूप समोर होते, एवढेच.

तिने झाकण मागितले. खिडकीपाशी नेऊन वाचले, बोटाने अक्षरे चाचपली.

"आर्डी लिहिलंय," ती म्हणाली. "मला आर्डी फक्त तो म्हणायचा. तो गेल्यावर तू म्हणायला लागलास. मला वाटलं, मायेनं म्हणतोयस."

मी म्हणालो, "आर्डिथ, मला माफ..."

"थांब. हे मला कधी मिळणार होतं?"

"मी गेल्यावर."

"मेल्यावर खरं बोलायला काय लागतं रे? मग मी भांडायचं कुणाशी? टेकडीवर येऊन दगडाशी?"

मी घराचे सांगितले. म्हणाली, "घर नको मला तुझं. चाक नको. त्या चाकाचा खांबसुद्धा तू नीट ठोकला नाहीस."

तिने झाकण पदरात धरावे तसे अंगाशी धरले. मग म्हणाली, "रेडिओवर बोलायला लाजलास ना तेव्हा? आता बोल. वाहिनी तीच आहे. जे मला वाचून दाखवलंस ते वाच, सगळंच्या सगळं. सूप आवडायचं तेही वाच. आणि ती रायफल तुझ्या शवपेटीत घालायला सांग. तुझी निवड होती ना ती? घेऊन जा."

वाडगे तसेच ठेवून, झाकण घेऊन ती गेली.

त्याप्रमाणे मंगळवारी सकाळी दहा वाजता मी रेडिओवर कलम सहा पूर्ण वाचले. मध्ये दोनदा दम लागला, दोनदा थांबलो. वाचून संपवले. मग एफ्रेमचा आवाज आला.

"मी कुत्री बांधत होतो, तेवढ्यात?"

"हो."

"बरं," तो म्हणाला. आणि पुढे काही नाही. ज्याचे तोंड कधी बंद राहिले नाही, तो तेवढेच बोलला. टू-टू त्याच्याच नावावर राहू द्यावी. घ्यायची की नाही ते तो बघेल.

सबब पुढील दुरुस्त्या करीत आहे. कलम ३ मधील घर, कोठार व चाक शाळेला द्यावे. कलम ५ मधील रायफल माझ्याबरोबर, माझ्या शवपेटीत पुरावी. काडतुसे घालू नयेत. कलम ६ मधील झाकण धनिणीच्या हाती पोचले आहे. आणखी एक. या कागदावर मी पहिल्या मसुद्यात ठिकठिकाणी, सवयीने, "आर्डी" असे लिहिले होते. माझ्या, वेंडेलच्या आणि तिच्या स्वतःच्या तोंडचे शब्द सोडून बाकी सगळीकडे ते खोडून "आर्डिथ" केले आहे. अशा खाडाखोडी अकरा आहेत. प्रत्येकीशेजारी माझी सही आहे.

सही: हार्लन स्टेनरुड

साक्षीदार १: लविना पीट, पोस्ट कार्यालय, टॅमरॅक बेंड. (वरील व्यक्तीने माझ्यासमोर सही केली. रेडिओ मीही ऐकला.)

साक्षीदार २: गस हॅल्वर्सन, टपालाच्या विमानाचा वैमानिक. (माझ्यासमोर सही केली. रेडिओ ऐकल्यावर माझ्या विमानातला डबा उघडून पाहिला.)

ठिकाण: टॅमरॅक बेंड
दिनांक: शनिवार, १९ नोव्हेंबर २००५