टाच राहिली

३ मार्च

ती. आपांस सलाम, वि. वि.

इथे सगळं ठीक, असं लिहिणार होतो. पण तुझ्यापाशी खोटं पचत नाही. अब्बांना दफनाआधी शेवटच्या आंघोळीचं गुस्ल मी आणि चाचांनी घातलं, त्याला दोन महिने झाले. तेव्हापासून नमाजआधी हातपाय धुऊन, वुजू करून नळ बंद केला की मागून अब्बांचा आवाज येतो, टाच राहिली म्हणून. भर दुपारी, बाइंडिंगच्या दुकानात. मी पुन्हा धुतो. काल अकरा वेळा धुतलं. ओल्या फरशीवर माझ्यामागे आणखी दोन पावलं उमटतात, उजव्याला टाच नसते. गुस्लच्या वेळी अब्बांची टाच माझ्याकडून कोरडी राहिली असणार. हात इतके फुटलेत की वह्यांना रक्त लागतं. मालकांनी महिनाअखेरची मुदत दिली आहे.

दुआ करत राहा.
तुझा बाबू

९ मार्च

चि. बाबूस अनेक दुआ.

आंघोळीच्या नावाने पलंगाखाली दडणारा तू, आणि अकरा वेळा! हसले, मग पत्र पुन्हा वाचलं. मनाच्या डॉक्टरांकडे जा. इमामसाहेबांनाही सांग. एकाचं दुसऱ्यापासून लपवू नकोस.

जिवाला जप.
आपा

२१ मार्च

ती. आपांस सलाम, वि. वि.

दोघांकडे गेलो. चाचांनाही विचारलं; ते म्हणतात, अब्बांची टाच त्यांनी स्वतः तीनदा धुतली. तरी आवाज थांबला नाही. इमामसाहेब म्हणाले, हा वसवसा, मनात पेरलेली शंका. शंकेने वुजू तुटत नाही, तिला उत्तर देऊ नकोस. डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या: भीती चढू दे, ती आपोआप उतरते. आता एकदाच धुतो, आणि इमामसाहेब शेजारी उभे राहतात. आवाज येतो, मी नमाजला निघून जातो. हात भरू लागलेत. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कोणाला असं होतं का. मी नाही म्हणालो.

माया आहेच, ती राहू दे.
तुझा बाबू

२८ मार्च

चि. बाबूस अनेक दुआ.

तू चुकीचं सांगितलंस. आठव, अब्बा नळापाशी तासतास उभे असायचे आणि आपण बाहेर ताटकळायचो. अम्मी म्हणायची, केवढे परहेजगार, किती धर्म पाळणारे. आपणही चारचौघांत मिरवलं. त्यांना कोणी काही विचारलंच नाही.

मला तो आवाज सहा वर्षांपासून येतोय, बाबू. अब्बा हयात होते, पलीकडच्या खोलीत झोपलेले असायचे, आणि माझ्यामागे त्यांच्याच आवाजात कोणीतरी म्हणायचं, टाच राहिली. तुझ्या पत्रात तेच शब्द वाचले आणि दिवसभर स्वयंपाकघरातल्या नळापाशी गेले नाही.

डॉक्टरीणबाईंना सांग, घरात आणखी एक आहे. माझं नाव लिहायला सांग. मी येते.

हात आखडता घेऊ नकोस, मला धरून ने.
आपा